लिलिएन्थालचे नाव आधी का?

विमानाच्या इतिहासावर बोलून झाले की श्रोत्यांपैकी कोणी ना कोणी मला विचारतेच: ज्याच्या यंत्राला इंजिन नव्हते आणि जो शेवटी त्या यंत्रासकट पडून गेला, त्या ऑटो लिलिएन्थालचे नाव तुम्ही राइट बंधूंच्याही आधी का घेता? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिलिएन्थाल पेशाने इंजिनिअर होता आणि बर्लिनमध्ये त्याचा बॉयलर व वाफेची इंजिने तयार करण्याचा कारखाना होता. तेव्हा इंजिन त्याला अपरिचित होते असे मुळीच नाही. आधी हवेत तोल सांभाळायला शिकावे, हा त्याचा आग्रह होता. भाऊ गुस्ताव याच्यासह त्याने वर्षानुवर्षे पंखांचे आकार तपासले, सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंख अधिक उचल देतो हे १८८९ च्या आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी मांडले आणि १८९१ पासून तो स्वतः झेपा घेऊ लागला. १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे सुमारे १५ मीटर उंचीची शंकूच्या आकाराची टेकडीच रचून घेतली, कारण वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला सामोरे धावता यायला हवे होते.

यंत्र म्हणजे वाळुंजाच्या लवचीक काठ्या आणि त्यांवर ताणलेले सुती कापड. त्यात बसायला जागा नव्हती. हात आधारांत अडकवून तो लोंबकळत असे आणि कमरेखालचे शरीर मोकळे असे. डावा पंख वर उचलला गेला की पाय झटकन डावीकडे फेकायचे, नाक वर गेले की पुढे. सुकाणू काय ते हेच. अशी सुमारे २००० उड्डाणे त्याने केली आणि त्यांतली काही अडीचशे मीटरपर्यंत गेली. तरीही विल्बर राइटने १९०१ च्या एका भाषणात हिशेब मांडला तो असा, की पाच वर्षांत हा माणूस प्रत्यक्ष हवेत होता जेमतेम पाच तास. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो.

९ ऑगस्ट १८९६ रोजी गोलेनबर्ग टेकडीवर वाऱ्याच्या झोताने यंत्राचे नाक वर गेले, वेग सरला आणि शरीर पुढे झोकूनही ते सावरले नाही. पाठीचा कणा मोडून दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. जोरदार झोतापुढे माणसाचे वजन अपुरे पडते, हे त्या अपघाताने दाखवून दिले. राइट बंधूंनी अंग झुकवण्याची पद्धत सोडून पंखांनाच पीळ देण्याची युक्ती काढली.

त्याच्या ग्रंथातले उचलीच्या आकड्यांचे तक्ते चुकीचे होते, असेही अनेकदा ऐकायला मिळते. हे मला अन्यायाचे वाटते. राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरला, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाला, अपेक्षेपेक्षा फारच कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांनाही तीच शंका आली होती. पण त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या डेटन शहरात वातबोगदा, म्हणजे पंख्याने वारा सोडून पंख तपासायची नळी, तयार करून दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले, आणि मुख्य दोष निघाला तो वाऱ्याच्या वेगावरून हवेचा दाब काढण्यासाठी अठराव्या शतकापासून वापरात असलेल्या गुणकात: तो ०.००५ धरला जाई, प्रत्यक्षात ०.००३३ च्या जवळपास होता. लिलिएन्थालची मोजमापे त्याच्या स्वतःच्या पंखापुरती बरीचशी बरोबर होती. या चाचण्यांवरून घडवलेल्या १९०२ च्या ग्लायडरने अमेरिकेच्या किनाऱ्यावरील किटी हॉक गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून शेकडो उड्डाणे केली, त्यांतले सर्वांत लांबचे सहाशे फुटांहून अधिक होते; आणि इंजिनाचे काम राइट बंधूंनी हाती घेतले ते त्यानंतरच.