‘शाकाहारी’च्या रकान्यात अडकलेले तीन आठवडे

गेल्या चैत्रात माझे एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६२ निघाले. गोळी सुरू करण्याआधी तीन महिने आहार बदलून पाहू, असे म्हणत डॉक्टरांनी मला इंदूरमधल्याच एका रुग्णालयाच्या आहार-विभागाकडे पाठवले. तिथल्या फॉर्मवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

त्या फॉर्मवर खाण्याविषयी एकच प्रश्न होता: शाकाहारी की मांसाहारी? मी पहिल्यावर खूण केली. टोकन घेऊन दोन तास बसल्यावर खिडकीवरच्या बाईंनी “आपका खाना तो ठीक है, बस घी-तेल कम कीजिए” एवढे सांगून एक छापील कागद दिला आणि आहारतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची दिली, कारण शाकाहारी माणसाची घाई नव्हती. माझे खाणे म्हणजे सकाळी शेव घातलेले पोहे, दुपारी चाळलेल्या कणकेच्या पोळ्या आणि बटाटा, रात्री शेवेची भाजी आणि उपासाला साबुदाणा. त्यात मांस नव्हते, पण पालेभाजी, कडधान्ये आणि फळेही जेमतेमच होती, आणि हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

तो प्रश्न निरर्थक नाही, हे मला मान्य आहे. मांसातल्या कार्निटीनपासून आतड्यातले जिवाणू जे द्रव्य बनवतात, त्याचे यकृतात टीएमएओ नावाचे संयुग होते आणि रक्तात ते वाढलेले असणे हृदयविकाराशी जोडले गेले आहे. पण मी काय खात नाही एवढेच त्यातून कळते. माझ्या जिवाणूंना खायला काय मिळते, ते कळत नाही. आपल्याला न पचणारा चोथा (फायबर) मोठ्या आतड्यात पोचला, तर जिवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

अखेर भेटलेल्या आहारतज्ज्ञ मराठीच होत्या. त्यांनी “काल सकाळपासून काय काय खाल्लंत?” असे विचारले आणि दहा मिनिटांत सगळे उलगडले. कणीक चाळणे बंद झाले, तीत जवाचे पीठ आले आणि रोज एक उसळ ठरली. जवातला विद्राव्य चोथा पित्ताम्ले धरून शरीराबाहेर नेतो, त्यामुळे नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, हेही त्यांनीच समजावले.

उसळी मात्र हळूहळू वाढवाव्यात. मी पहिल्याच आठवड्यात दोन्ही वेळा खाल्ल्या आणि पोट फुगून रात्री बसून काढल्या. पाणीही वाढवावे लागते. सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आता सांगतो: जाण्यापूर्वी तीन दिवसांचे खाणे वहीत लिहून न्यावे. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी ती आपल्या मनाने थांबवू नये.

पुढच्या तपासणीत एलडीएल १३६ आले, तेव्हा मला फार आनंद झाला. त्या दिवशीही फॉर्म तोच होता. ‘शाकाहारी’पुढे खूण करून मी खालच्या कोऱ्या जागेत तीन दिवसांचे खाणे लिहिले, आणि खिडकीवरच्या बाईंनी ते पूर्ण वाचून माझ्या फाइलला जोडले.