ऐंशी इंचांची जीप

जुन्या विलीज जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटर आणि वर जेमतेम तीन सेंटिमीटर असते. आजच्या साध्या मध्यम मोटारीतही हे अंतर अडीच मीटरांच्या पुढे जाते. १९४१ पासून महायुद्धासाठी ज्या जीप बनल्या त्यांची संख्या सहा लाखांच्या वर गेली, आणि युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी म्हणून ज्या पहिल्या ‘सीजे’, म्हणजे सिव्हिलियन (नागरी), जीप बाजारात आल्या त्यांनीही हे ८० इंच सोडले नाहीत. १९४७ मध्ये महिंद्रांनी आपल्याकडे जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-थ्री-बी ही उंच बॉनेटची जीप इथेच घडू लागली. तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ मध्ये बंद झाला; आपल्याकडे मात्र त्यानंतरही तो वर्षानुवर्षे निघत राहिला.

विदर्भातल्या खेड्यांत वाढलेल्या माणसाला ही जीप ओळखीची असते, मग तिच्यात बसायला मिळालेले असो वा नसो. ती वनखात्याची असे, लसीकरणाची असे, कृषी खात्याची असे, आणि निवडणुकीत टपावर भोंगा बांधून फुफाटा उडवत गावोगाव फिरणारीही तीच असे. धूळ दिसली की पोरे आधी धावत आणि जीप कोणाची हे मागाहून विचारत. माझ्याकडची सीजे-थ्री-बी अशाच सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन, दोन-तीन धन्यांच्या हातांतून फिरत आलेली आहे. मी तिच्यातून लांबच्या प्रवासाला निघतो, हे ऐकून सुज्ञ माणसे हसतात. घरात बऱ्यापैकी मोटार असताना पाठ मोडून घेण्याची ही हौस कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे म्हणवत नाही.

वास्तविक आखूड गाड्यांनी फार मोठे प्रवास केलेले आहेत. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरली आणि तिच्यावरून स्वतःची गाडी बेतली. १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेल्या त्या पहिल्या लँडरोव्हरच्या आसांतले अंतरही ८० इंचच होते. पुढे ते ८६ इंच झाले आणि तशा दोन गाड्या घेऊन ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी १९५५ च्या सप्टेंबरात लंडनहून निघाले. भारत ओलांडून, आसामातून ब्रह्मदेशात उतरणाऱ्या लेडो मार्गाने ते १९५६ च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोहोचले. एका गाडीत तिघे, टपावर सामान, आणि सहा महिने. बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने तर पाण्यातही चालणारी जीप घेऊन अटलांटिक ओलांडला आणि १९५० मध्ये सुरू केलेली पृथ्वीप्रदक्षिणा १९५८ मध्ये पुरी केली. ही उदाहरणे मी हसणाऱ्यांना ऐकवतो. त्यांच्यावर परिणाम होत नाही, कारण मला सिंगापूरला जायचे नसते. मला सातपुड्यातल्या मेळघाटापासून थेट सिरोंचापर्यंत, म्हणजे प्राणहिता गोदावरीला भेटते त्या टोकापर्यंत, जमेल तेवढा हमरस्ता टाळून जायचे असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की विदर्भात आडवाटेने फिरायचे असेल तर गाडी आखूडच असावी, आणि ती आखूड आहे म्हणून जे जे मागे ठेवावे लागते त्यातच निम्मी मजा आहे.

याचे कारण आमच्या पांदणीत, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या गाडीवाटेत, आहे. पिढ्यान्‌पिढ्या बैलबंड्या जाऊन आणि पावसाळ्यात तिच्यातूनच पाणी वाहून पांदण दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा हातभर खोल गेलेली असते. कडेला बाभळी, बोरी आणि घाणेरी, खाली दोन चाकांच्या खोल घळी आणि मधे गवताचा उंचवटा. असा रस्ता मध्येच एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चढतो आणि पलीकडे लगेच उतरतो. लांब गाडीची पुढची चाके धुरा ओलांडतात, मागची अजून अलीकडे असतात, आणि मधले पोट धुऱ्यावर टेकते. मग चारही चाके फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. जीपची मागची चाके मात्र पुढच्यांच्या पाठोपाठच येतात, त्यामुळे पोट टेकण्याआधीच ती धुऱ्यावर चढलेली असते. आमच्याकडची रेंगी, म्हणजे माणसांची बैलगाडी, लहान आणि हलकी का बांधत, हे जीप चालवताना फार चांगले कळते.

दिवाळीनंतरच्या दिवसांत याच पांदणीत समोरून कापसाची बंडी येते. बैल कितीही गुणी असले तरी खच्चून भरलेली बंडी मागे घेता येत नाही, त्यामुळे मागे कोणी जायचे यावर चर्चा होत नाही. मी रिव्हर्स टाकतो, तो जो करवतीसारखा आवाज काढतो तो ऐकून बैल कान टवकारतात, आणि मान मागे वळवून मी जिथे धुरा खचलेला असेल तिथपर्यंत जातो व जीप वावरात आडवी घालतो. बंडी निघून गेली की बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात आणि एखादा आपल्या आरशालाही अडकलेला असतो. लांब गाडी असती तर हाच प्रकार पार गावठाणापर्यंत उलटे जाऊन करावा लागला असता.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, हाच अनुभव मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांच्या पाळीवर येतो. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या, आणि वाट पुढे गेल्यावर फुटलेल्या सांडव्यापाशी संपते. तिथे जीप चार-पाच वेळा पुढे-मागे करून जागच्या जागी वळवता येते. सोबतीला कोणीतरी खाली उतरून मागचे चाक कडेपासून किती आहे ते ओरडून सांगणारा मात्र हवा, आणि तो डावे-उजवे यांत घोटाळा न करणारा हवा.

काळ्या मातीपुढे मात्र आखूड-लांब काही चालत नाही. मृगाचा एक बरा पाऊस झाला की ही माती टायरला अशी लपेटते की खाचा दिसेनाशा होतात, चाक गुळगुळीत होते आणि चिखल मडगार्डमध्ये ठासून बसतो. फोर बाय फोर टाकले की गाडी कुठूनही निघते, असे ज्यांना वाटते त्यांनी जुलैत यवतमाळकडच्या एखाद्या वावरात जाऊन पाहावे. चार चाकांनी गाडी अधिक खोल जाते, एवढाच फरक पडतो. पेरणी-डवरणीसाठी कास्तकार जसा वाफसा येण्याची वाट पाहतो, तशीच ती जीपवाल्यानेही पाहावी. पाऊस उघडून चांगले ऊन पडले, टाचेखाली माती चिकटेनाशी झाली, की निघावे. तोवर गावात मुक्काम करावा. मुक्कामाच्या गावात कोणी ना कोणी चहाला बोलावतोच, आणि जीपभोवती जमलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना ती चालवण्याचा किंवा ढकलण्याचा पूर्वानुभव असतो.

नाल्यांचे शास्त्र वेगळे आहे. प्रथम काठी घेऊन चालत जावे, तळाशी गोटे आहेत की गाळ हे पायाने पाहावे आणि पाणी गुडघ्याच्या वर गेले तर परत फिरावे. गुडघ्याच्या खाली असेल तर पंख्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण फिरता पंखा पाणी उचलून थेट इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर फेकतो आणि पेट्रोल इंजिन नाल्याच्या मधोमध बंद पडते. पट्टा नसला तरी एवढ्या थोड्या वेळात इंजिन तापत नाही. मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी जे दोन छोटे दांडे असतात त्यांपैकी एकाने पुढच्या चाकांना ताकद जोडावी, दुसऱ्याने गाडी ‘लो’ मध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरांत, घालावी आणि मग न थांबता, पण पाणी उडू न देता, सावकाश पलीकडे निघावे. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे लागते, कारण चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत आणि ओले असताना ते नावापुरतेच असतात. हा सगळा विधी चाललेला असताना काठावर गुरे राखणारे एखादे काकाजी शांतपणे बघत असतात. एकदा अशाच एकांनी मी पट्टा काढेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाले, “भाऊ, वरतं पाणी पडून राह्यलं. आता जासान, पण संध्याकाळी वापस कसे येसान?” त्या दिवशी नाला ओलांडला नाही, आणि काकाजींचे म्हणणे चार वाजताच खरे ठरले.

नाल्यात उगाच वरखाली जीप नाचवून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो. तो नाला कोणाच्या तरी गुरांचे पाणी असतो. तेच जंगलाचे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलेल्या देशातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा जो रस्ता जातो तो जीपलाही पुरतो, आणि त्याच्या कडेची आडवाट आपल्यासाठी नसते.

आता सामानाविषयी. जीपच्या पाठीमागे चाकांच्या उंचवट्यांवर दोन अरुंद बाकडी आणि त्यांच्यामधली जागा, एवढेच काय ते घर. त्यातही जड वस्तू मागच्या आसाच्या पलीकडे ठेवल्या तर पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग भरकटते, म्हणून पाण्याची वीस लिटरची कॅन, हत्यारांची पेटी आणि जॅक पुढच्या आसनांना लगटून खाली ठेवावे लागतात. उरलेल्या जागेत दोन माणसांचे अंथरूण, एक ताडपत्री, दोरखंड, फावडे आणि कणिक मावते. गॅसची शेगडी मी नेत नाही. गोवऱ्या कुठेही मिळतात, रोडगे त्यांच्या निखाऱ्यात भाजतात, आणि वांगी ज्या गावात थांबलो त्या गावातली असतात. तिसरा माणूस येतो म्हणाला तर त्याला प्रेमाने नाही म्हणावे लागते. माझ्या नातेवाइकांत जीपची अप्रियता वाढण्याचे हे मुख्य कारण आहे.

उन्हाळ्यात या गाडीचा स्वभाव बदलतो. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला की इंजिनाशेजारच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही आणि चढावर जीप खोकून थांबते. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकायचे, त्यातून निघणारी वाफ पाहत पळसाच्या सावलीत बसायचे आणि पुन्हा स्टार्टर मारायचा, हाच उपाय. अलीकडे पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून जुने रबर त्याला टिकत नाही, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचे घालून घ्यावे लागले. पुष्कळांनी आपल्या जीपमध्ये केव्हाच डिझेल इंजिन बसवून घेतले, त्यांना वाफेचा हा त्रास नाही. शिवाय काही डिझेल जीपमध्ये ट्रॅक्टरच्याच जातीचे इंजिन असल्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणचा ट्रॅक्टर मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. माझ्या पेट्रोल इंजिनासाठी मात्र म्हातारा मिस्त्री शोधावा लागतो. तो आधी मला कोणत्या मूर्खाने पॉइंटची फट एवढी ठेवली ते विचारतो, मग चहा मागवतो आणि मग पाना हातात घेतो. स्प्रिंगचा तुटलेला पाटा मात्र गावचा लोहारही बसवून देतो, आणि तो टिकतो.

हमरस्त्यावर या जीपचे काही खरे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. ही जीप साठावर खूश असते आणि सत्तरीला आरसा थरथरून त्यात मागचा ट्रक एकाचे दोन दिसू लागतो. रस्त्याच्या जोडावर आखूड गाडी पुढे-मागे अशी उसळते की बोलताना जीभ सांभाळावी लागते. पुढच्या चाकांची ताकद डांबरावर सोडवून ठेवावी लागते, नाहीतर वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि स्टिअरिंग जड होते. पहिल्या गिअरला दात आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोची सोय नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो पडायला डबल क्लच मारावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि टोलनाक्याच्या रांगेत हा व्यायाम फार होतो.

पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, तेव्हा अनेकांनी मला हौसेने ते पाठवले. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नोंदणी दहा वर्षे चालते, हे सगळे आकर्षक आहे. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, संशोधन, किंवा पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते. सिरोंचाला जाणे यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून माझी जीप साध्याच नोंदणीवर आहे आणि दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहते. तिथला साहेब तिच्याभोवती फिरून दिवे, ब्रेक, हॉर्न पाहतो आणि शेवटी, कागदावर सही करताना, पांदणीतला प्रत्येक कास्तकार विचारतो तोच प्रश्न विचारतो: “किती देते?” रस्ता बरा असला तर लिटरला आठ, असे मी खरे ते सांगतो.