तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या सोडत का नाही?

"केवढी सुटलीयेस!" आणि मग आवाज खाली आणून, "त्या झोपेच्या गोळ्या बंद का नाही करत?" बारशालाही हेच, बँकेच्या रांगेतही हेच. त्या झोपेच्या नाहीत; कानात आवाज येतात, नसते संशय येतात, त्या आजारावरच्या आहेत, ओलान्झापिन नावाच्या. आणि हो, चालायला जाते, भात कमी केलाय, उपाशीपोटी साखर तपासते. ओलान्झापिनची भूक पोट भरल्यावरही तशीच राहते, त्याला मी काय करू?

त्याआधी याच आजारावरचं हॅलोपेरिडॉल होतं. त्यावर बारीक होते. पण बसता येईना. मांड्यांच्या आत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. आई पान वाढायची, मी ओट्याशी उभ्यानेच दोन घास घ्यायचे आणि हॉल ते किचन, किचन ते हॉल. डॉक्टर म्हणाले, आजार उसळलाय; डोस वाढवला. त्या रात्री मी गॅलरीच्या कठड्याशी उभी होते. कानातले आवाज तेव्हा गप्प होते, मरायला कुणी सांगत नव्हतं. फक्त हे थांबायला हवं होतं. आईने हात धरला आणि उजाडेपर्यंत माझ्याबरोबर फेऱ्या मारल्या, गुडघे दुखत असताना.

दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "बेचैनी मनात आहे की पायांत?" पायांत. डोस उतरवला, प्रोप्रॅनोलॉल दिलं, तेच बीपीचं. हळूहळू मांडी घालून जेवू लागले. औषधामुळे येणाऱ्या त्या बेचैनीला अ‍ॅकॅथिसिया म्हणतात. १९५० च्या दशकापासून हॅलोपेरिडॉलसारखी औषधं वापरात आहेत, तेव्हापासून हा त्रासही माहीत आहे. तो प्रश्न आधी का नाही विचारला, याचा राग अजून आहे.

तेव्हा वहीत लिहिलं होतं, "यापेक्षा ते आवाज परवडले." आता ते लिहिणाऱ्या तेव्हाच्या मुलीला सांगावंसं वाटतं, अगं, तेव्हा तू आईच्या हातचा चहा विष म्हणून मोरीत ओतायचीस. पण ती ऐकणार नाही. पायांत ते वारूळ असताना मीही ऐकलं नसतं.

भीती गेलेली नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींची जीभ, जबडा आपोआप हलू लागतो, आणि औषध थांबवलं तरी ते थांबेलच असं नाही. दात घासताना मी आरशात जीभ बाहेर काढून बघते.

आत्ता सोडत नाहीये. डोस कमी करण्याचं पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे काढणार आहे. आई नको म्हणते.