एका सहलीत एकच गोष्ट

एकटीने फिरायला लागल्यापासून मी एक नियम घट्ट धरून आहे. सहल दोन-तीन दिवसांची असेल, तर बघायची गोष्ट एकच ठरवायची आणि सगळा वेळ तिलाच द्यायचा. मी डेन्व्हरजवळ राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पाळ्या जुळवून घेतल्या की सलग तीन-चार दिवस मोकळे मिळतात. मुलगी कॉलेजसाठी दूर गेली आहे आणि नवऱ्याला घरी राहण्यातच सुख वाटतं. तेव्हा बॅग भरून मी एकटीच निघते. एकटं असण्याचा मोठा फायदा म्हणजे कुणाचाही कंटाळा सांभाळावा लागत नाही. एखाद्या पक्ष्याकडे दोन तास बघत बसावंसं वाटलं, तर बसायचं.

हे पुरेपूर पटलं ते नेब्रास्कात. नेब्रास्काला जाते म्हटल्यावर ऑफिसमधल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "तिथे काय आहे?" इंटरस्टेट ८० वरून शिकागोकडे जाताना न थांबता पार करायचं राज्य, एवढीच त्याची ओळख. पण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या प्लॅट नदीवर सँडहिल क्रेन उतरतात. आपल्या सारसाच्या कुळातलाच हा पक्षी: राखाडी अंग, कपाळावर लाल टिळा, पंख पसरले की सहा फूट. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोत हिवाळा काढायचा आणि मग कॅनडा, अलास्का, काही थव्यांनी तर थेट सायबेरिया गाठायचा. वाटेत मुक्काम इथे. जगातल्या सँडहिल क्रेनपैकी सुमारे ८० टक्के या एका पट्ट्यातून जातात. दिवसभर शेतात सांडलेला मका खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभ्याउभ्या झोपायचं. पाण्यातच का, तर कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा शिकारी प्राणी) जवळ यायला लागला की पाणी वाजतं.

डेन्व्हरहून प्लॅटकाठचं कर्नी गाव गाडीने साधारण साडेपाच तासांवर. तिथून जवळ, गिबन गावापाशी ऑडुबॉन या पक्षिसंवर्धन संस्थेचं रो सँक्च्युअरी हे अभयारण्य आहे. पहाटेच्या फेरीचं तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं. सूर्योदयाच्या बऱ्याच आधी, मिट्ट काळोखात, आम्हाला नदीकाठच्या एका लाकडी खोलीत नेलं. भिंतीला झरोके, आत थंडी मी म्हणत होती. फोनचा उजेड नको, फ्लॅश नको, बोलणं कुजबुजीच्या वर नको. सोबतचे स्वयंसेवक आजोबा निवृत्त शेतकरी. "आधी ऐका, मग दिसेल," एवढंच म्हणून ते गप्प झाले.

आणि खरंच आधी ऐकूच आलं. घशात पाणी घोळवत तुतारी वाजवावी तसा आवाज, एकाचा नव्हे, हजारोंचा, आणि थांबता थांबेना. या पक्ष्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, त्यामुळे त्याची साद मैल-दोन मैलांवरून ऐकू येते. हळूहळू उजाडलं आणि जे मला वाळूचे उंचवटे वाटत होते त्यांना माना फुटल्या. अख्खं पात्र राखाडी पक्ष्यांनी भरलेलं. कुणी पंख झाडतंय, कुणी उड्या मारत नाचतंय, काडी उचलून हवेत फेकतंय. मग वरून एक बॉल्ड ईगल गेला आणि एका क्षणात सगळी नदी उठली. त्या आवाजाने छातीत कंप जाणवला. माझ्या शेजारची बाई रडत होती आणि माझेही डोळे भरून आले होते.

परतताना आजोबांनी समजावलं, की ही नदी पूर्वी खूप रुंद पसरायची. वरच्या अंगाला धरणं झाली, पाणी शेतीकडे वळलं, पुराने धुऊन निघायचं ते पात्र झाडाझुडपांनी भरायला लागलं. क्रेनना तर मोकळं, उथळ पात्रच लागतं. म्हणून पक्षी निघून गेले की माणसं यंत्रं घेऊन पात्रातली झुडपं काढतात, दर वर्षी. मला हे ऐकून फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या स्थलांतराचा एक टेकू असा माणसांच्या कष्टावर उभा आहे. संध्याकाळी मी फोर्ट कर्नीजवळच्या जुन्या रेल्वेपुलावर गेले. आता तो चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा पूल आहे. तिथून थवे परत उतरताना बघितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी सोबत असतं तर "कालच तर बघितले" हे वाक्य आलंच असतं.

कधीकधी तर पोहोचण्यापेक्षा जाणंच बघायचं असतं. कॅलिफोर्निया झेफर ही अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वे कंपनीची, गाडी शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या अलीकडे एमरीव्हिलपर्यंत जाते, दोन रात्रींचा प्रवास. मी त्यातला फक्त डेन्व्हर ते ग्लेनवुड स्प्रिंग्स एवढाच तुकडा घेते. सकाळी युनियन स्टेशनवर बसायचं आणि सगळं वेळेवर असेल तर दुपारी उतरायचं. गाडी डोंगर चढायला लागते तिथे एका मोठ्या वळणावर रुळाशेजारी वाळूने भरलेले जुने डबे कायमचे उभे करून ठेवलेत. वारा इतका जोराचा, की त्याने डबे रुळावरून उतरले होते; म्हणून ही आडभिंत. पुढे बोगद्यांमागून बोगदे आणि मग ६.२ मैलांचा मोफॅट टनेल, १९२८ साली सुरू झालेला. त्यात शिरण्याआधी घोषणा होते, की डब्यांमधली दारं उघडू नका, डिझेलचा धूर आत येईल. दहाएक मिनिटं काळोख. पूर्वेच्या बाजूचं पाणी शेवटी अटलांटिकला जाणारं आणि पश्चिमेचं पॅसिफिकच्या दिशेने वाहणारं. ती पाणलोटाची रेषा आपण डोंगराच्या पोटातून ओलांडतो.

बाहेर आल्यावर कोलोरॅडो नदी भेटते आणि ग्लेनवुडपर्यंत सोबत करते. गोर कॅन्यनमध्ये तर शेजारी रस्ताही नाही. काचेच्या छताच्या डब्यात जागा पकडून बसावं. एकटी बाई बघून लोक आपणहून बोलतात. मला त्या डब्यात विस्कॉन्सिनचं डेअरीवालं जोडपं भेटलं, नात झाली म्हणून नेवाडाला निघालेलं. ग्लेनवुडला स्टेशनातून बाहेर पडून पादचारी पूल ओलांडला की समोर गरम पाण्याचा तलाव, १८८८ पासूनचा, चारशे फुटांहून लांब. थंडीत केसांवर बर्फ आणि गळ्यापर्यंत गरम पाणी. तिथे दुसरं काही केलं नाही.

न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्सला मात्र विमानाने एल पासो गाठून पुढे भाड्याची गाडी घ्यावी लागली. तिथली पांढरी वाळू म्हणजे जिप्सम. पाण्यात विरघळणारं हे खनिज एरवी नद्यांबरोबर समुद्राला जातं; पण इथल्या तुलारोसाच्या खोऱ्याला समुद्राकडे वाटच नाही. डोंगरातून वाहून आलेलं जिप्सम तिथेच साचतं, पाणी उडून जातं, स्फटिक होतात आणि वारा त्यांचा भुगा करून टेकड्या रचतो. सुमारे २७५ चौरस मैलांच्या टेकड्या. ही वाळू उन्हात तापत नाही, म्हणून भर दुपारी अनवाणी चालता येतं. पायाला गार आणि डोळ्यांना प्रखर, तेव्हा गॉगल हवाच. २०१९ मध्ये याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. इथल्या जुन्या तळ्याच्या काठी माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत, २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे. मावळतीच्या आधी रेंजर, म्हणजे पार्कचे कर्मचारी, सोबत घेऊन फिरवतात, तो फेरफटका चुकवू नये. टेकड्या आधी गुलाबी होतात, मग निळसर.

जाण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. शेजारी क्षेपणास्त्रांचं चाचणी क्षेत्र आहे, त्यामुळे चाचणी असेल तेव्हा रस्ता काही वेळ बंद करतात. पार्कच्या वेबसाइटवर तशी सूचना असते. आणि लास क्रुसेसकडे परतताना हायवे ७० वर बॉर्डर पॅट्रोलचा नाका लागतो. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल तर मूळ कागद जवळच ठेवा. मला दोन प्रश्न विचारले आणि सोडलं.

जेवणाचीही तिथे चैन. प्रत्येक ठिकाणी विचारतात, "रेड ऑर ग्रीन?" म्हणजे लाल मिरचीची चटणी की हिरव्या. राज्याने तो आपला अधिकृत प्रश्न म्हणून स्वीकारला आहे. दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, हे आवर्जून विचारा.

केंटकीतल्या मॅमथ केव्हला मी गेले ती एका माणसासाठी. ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, चारशेहून अधिक मैल मोजून झाली आहे. १८३८ मध्ये स्टीफन बिशप नावाचा गुलाम तरुण तिथे वाटाड्या म्हणून आला, वयाच्या सतराव्या वर्षी. ज्या खोल विवरापलीकडे कुणी गेलं नव्हतं, ते त्याने ओलांडलं, पलीकडच्या नद्या शोधल्या आणि १८४२ मध्ये तोवर माहीत झालेल्या गुहेचा नकाशा आठवणीतून काढला. १८५६ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. रेंजर ही गोष्ट दिवे मालवून, एका ज्योतीच्या उजेडात सांगतो. बाहेर आल्यावर गट पांगला आणि मी एकटी जंगलातल्या वाटेने त्याच्या थडग्यापाशी गेले. दगडावर मृत्यूचं साल १८५९ कोरलं आहे, म्हणजे तेही चुकीचं. बराच वेळ तिथे बसले. माझ्या मते या देशातल्या शोधकांच्या पहिल्या पंक्तीत त्याचं नाव असायला हवं आणि शाळकरी मुलांना ते पाठ असायला हवं.

गुहेत बारा महिने ५४ अंश फॅरनहाइट तापमान असतं, तेव्हा जुलैतही जॅकेट न्या. पार्कला प्रवेशशुल्क नाही, पैसे फक्त टूरचे.

गाडी चालवायची नसेल त्यांच्यासाठी ऱ्होड आयलंड उत्तम. प्रॉव्हिडन्सहून ६० नंबरची बस थेट न्यूपोर्टला जाते. तिथला क्लिफ वॉक साडेतीन मैलांचा आणि फुकट: एका हाताला कोट्यधीशांचे जुने महाल, दुसऱ्या हाताला अटलांटिक.

सध्या डोक्यात काजवे आहेत. टेनेसीच्या बाजूला ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये एका जातीचे काजवे मे-जूनच्या सुमारास एकाच तालात चमकतात, सगळे एकदम पेटतात आणि एकदम विझतात. गर्दी आवरण्यासाठी पार्क लॉटरी काढतं आणि नंबर लागलेल्या गाड्यांनाच त्या रात्री आत सोडतं. मी नाव घातलं आहे. निकाल यायचा आहे, पण काजव्यांना उजेडाचा त्रास नको म्हणून टॉर्चवर गुंडाळायला लागतो तो लाल सेलोफेन कागद आजच आणून ठेवला.