झाडांची हजेरी

डिसेंबर लागला की आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी एवढंच टाकतं, "यंदा भरीत कधी?" वर्षभर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलेला गट तेवढ्यानं जागा होतो. सुरतेला कापडाच्या धंद्यात असलेला सुटी बघतो, जळगावची मास्तरीण पोरांच्या परीक्षा बघते, मी नाशिकहून बसचं वेळापत्रक बघते. ठरतं नेहमीसारखंच. कॉलेजच्या एनएसएस शिबिराचा शेवटचा दिवस, दुपारी झाडांची हजेरी, रात्री भरीत.

ही हजेरी काय भानगड आहे ते सांगायचं तर १९९६च्या डिसेंबरात जावं लागेल.

मी धुळ्यात एफवायला होते. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, नाव घातलं त्यात समाजसेवा कमी आणि मैत्रिणीनं घातलं म्हणून जास्त. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत सुरू झाली, हे आम्हाला पहिल्याच तासाला पाठ करायला लावलं. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर. तेव्हा ते दहा दिवसांचं असायचं, पुढे सात दिवसांवर आलं. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. मला त्या बिल्ल्याचं भारी अप्रूप होतं. वडिलांना बिलकूल नव्हतं. "दहा दिवस परक्या गावात पोरगी झोपणार कुठे?" हा त्यांचा एकच प्रश्न. शेवटी एनएसएसच्या सरांच्या पत्नी स्वतः घरी आल्या, आईच्या हातचा चहा घेतला, "मी मुलींबरोबर शाळेच्या खोलीतच झोपते" म्हणाल्या, तेव्हा कुठे वळकटी बांधली गेली.

दत्तक गाव धुळे तालुक्यातच, पण माळाकडचं. बस फाट्यावर सोडायची, तिथून पायी. मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलं मारुतीच्या सभामंडपात. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गटचर्चा, रात्री नाटुकली. दुपारच्या बौद्धिकाबद्दल काय बोलावं! सकाळी चार तास टिकाव मारून, वर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी हाणून चाळीस पोरं सतरंजीवर बसलीत, आणि समोर पाहुणे 'युवाशक्ती' या विषयावर. युवाशक्ती घोरायची. त्यातही एका भूगर्भशास्त्राच्या सरांनी मात्र आम्हाला जागं ठेवलं. ते बोललेच नाहीत, उठवून माळावर घेऊन गेले. आमच्या भागात शेतांमधून काळ्या दगडांच्या सरळ रांगा जातात, मैलोनमैल, कुणी बांध घातल्यासारख्या. त्या डाईक. कातळाला भेग पडली, भेगेत खालून लाव्हा शिरला आणि थिजला. आजूबाजूचा दगड झिजून गेला, ही भिंत उरली. "वर दिसते तेवढीच नाही, जमिनीखालीही आहे," सर म्हणाले, "आणि पाणी तिला अडतं." मग त्यांनी भिंतीच्या वरच्या अंगाची विहीर दाखवली, खालच्या अंगाची दाखवली. एकीत बादली बुडत होती, दुसरीत तळाला शेवाळ. तेवढं बघितल्यावर आमच्यातल्या दोघांनी बीएस्सीला जिऑलॉजी घेतली.

श्रमदान म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, मातीनं भरायच्या, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि नाल्यात आडव्या रचायच्या. ऐकायला सोपं. आम्ही दोन दिवसांत छातीभर उंच बंधारा उभा केला, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. सकाळी बघतो तर मधला भाग पसरलेला आणि पाणी आपल्या वाटेनं निवांत चाललेलं. कामाच्या पहिल्या दिवसापासून एक म्हातारे काठावर बसून आमच्याकडे बघत असायचे. गाव त्यांना जिभाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही. ते काठीनं एकेक गोणी दाखवत अहिराणीत म्हणाले, "पोरेसहोन, ईटा रचतस तश्या रचा ना! सांधावर सांधा का बरं ठेवा?" शिवाय आम्ही निम्म्या गोण्यांत वाळू भरली होती, कारण ती जवळ होती आणि फावड्यानं पटकन उचलली जायची. वाळूतून पाणी जाणारच. जिभाऊंनी वरच्या शेतातली चिकण काळी माती दाखवली, दोन गोण्यांच्या फटीत ती पायानं दाबून बसवायला लावली. मी त्या दिवशी गुडघाभर गार पाण्यात उभी राहून माती तुडवत होते, पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं. बंधारा राहिला. फेब्रुवारीपर्यंत त्यात पाणी होतं असं नंतर कळलं.

समारोपाला झाडं लावली. पाहुण्यांच्या हस्ते शाळेजवळ एक, बाकी २०० आम्ही गावठाणाच्या उतारावर. नर्सरीनं दिली ती रोपं: गुलमोहर, निलगिरी, थोडा कडुनिंब.

दुसऱ्या वर्षी उद्घाटनाला पुन्हा पाहुणे, पुन्हा कुदळ, पुन्हा रोप. आणि खड्डा तोच. अगदी तोच, बाजूला मागच्या वर्षीचं वाळकं खोड पडलेलं. पाहुण्यांनी पाणी घातलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबता थांबता मागून जिभाऊंचा आवाज आला, "मांगला सालना झाडे कोठे शेतस?"

कुणी हसलं नाही. जिभाऊंनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, ते खरंच विचारत होते. आमच्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरात झाड लावायचं म्हणजे पुढचे सहा-सात महिने त्याला आभाळाचा थेंब मिळणार नाही, हे शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. पण शिबिर डिसेंबरात, म्हणून झाडं डिसेंबरात. कागदावर आकडा लागायचा ना.

त्या रात्रीची गटचर्चा मला अजून आठवते, कारण ती एकदाच खरी चर्चा झाली. साक्रीकडची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "सर रोज आपली हजेरी घेतात. झाडांची कोण घेतं?" सकाळी जिभाऊंच्या कानावर गेलं तर ते खूश. "झाडेसनी बी हजेरी ल्या!" मग तेलाच्या डब्याचे पत्रे कापले, खिळ्यानं खड्ड्यांचे आकडे ठोकले, तारेनं जिवंत रोपांना बांधले. आम्ही उतारावर पांगून एकेका झाडापाशी उभं राहायचं, ती मुलगी खाली दगडावर वही घेऊन नंबर पुकारणार, झाडाच्या वतीनं आपण "हजर" ओरडायचं. २००पैकी ३१ हजर. वहीत तिनं एक रकाना आखला होता, 'गैरहजेरीचं कारण'. त्यात शेळी, शेळी, पाणी नाही, शेळी, बैल, आणि एका ठिकाणी 'लग्नाचा मांडव'. गुलमोहर तर एकजात गेले होते.

त्या वहीनं आमचं शिबिर बदललं, हे मी आज ठामपणे म्हणते. झाडं जुलैत लावायची ठरलं, त्यासाठी एका रविवारी सगळ्यांनी यायचं. शेळी तोंड लावत नाही अशी सीताफळ आणि करंज, शिवाय बोर, चिंच, कडुनिंब. गावातल्या पोरांनी मंडळ काढलं, उन्हाळ्यात पाणी घालायची पाळी लावली. पुढच्या हजेरीला निम्म्याहून जास्त 'हजर' आले तेव्हा सर, जे कधी कौतुक करायचे नाहीत, त्यांनी सगळ्यांना आपल्या खिशातून गुळाची जिलेबी आणली.

सगळंच असं साधलं नाही. समारोपाला हात पुढे करून हुंडा न घेण्याची शपथ व्हायची. तेव्हा हात पुढे केलेल्यांपैकी किमान दोघांनी पुढे घेतला. एकानं तर मोटारसायकल घेतली आणि तिच्यावरच शिबिराला आला. मी त्याच्याशी त्या वर्षी बोलले नाही. पुढच्या वर्षी बोलले, कारण भरीत त्याच्याइतकं कुणालाच जमत नाही.

भरीताबद्दल लिहिलंच पाहिजे. शेवटच्या रात्री शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायचा. हिरवी, मोठ्या बुडाची वांगी त्यात टाकायची, साल काळी होऊन फुटेपर्यंत. मग राख झटकत, बोटं भाजून घेत सोलायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. ठेचायचं, वाटायचं नाही. मिक्सरमध्ये केलेल्या लगद्याला नाशिकचे लोक भरीत म्हणतात, म्हणोत. वर तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. गावातल्या आया भाकऱ्या थापायच्या आणि आमच्या ताटात दुसरी, तिसरी टाकत म्हणायच्या, "खाय व माय, वाळी गयी तू."

तिसऱ्या वर्षी शिवारफेरीला सरांनी आम्हाला पांझरेकाठी नेलं, फड बघायला. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाचा तुकडा बहुतेक फडांत, त्यामुळे पाणी कमी आलं की एखादा फड सगळ्यांचाच पडीक राहतो, एकट्याचा नाही. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर पंच. हे तीन-चारशे वर्षांपासून. आदल्याच दिवशी बौद्धिकात पाहुण्यांनी ग्रामस्थांना जलसाक्षर करण्याचं आमचं कर्तव्य सांगितलं होतं. त्या पाटाच्या कडेला चालताना मला उगाच कानकोंडं झालं.

कॉलेज सुटलं तरी आम्ही शेवटच्या दिवशी जातच राहिलो. मध्ये काही वर्षं पाच जण यायचो, एका वर्षी दोघंच. दोघांनी हजेरी घ्यायला अंधार झाला. नंतर पोरंबाळं मोठी झाली, गट बनला, आकडा वाढला. कधी शिबिराच्या जोडीनं आडवाट करून साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघितलं. चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन राखलेलं जंगल. त्यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गटावर जणू घरचंच लग्न होतं. तिथे २००४पासून पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते, बायका रानातल्या भाज्या रांधून आणतात. मी एकदा ती गाठली. चव घ्यायला फिरता फिरता तिसऱ्या ताटापाशी नावं विसरायला लागले, आणि रांधणारी सत्तरीची बाई मला प्रत्येक पाल्याचं नाव, तो कुठल्या महिन्यात येतो आणि पहिलं पाणी का ओतून द्यायचं ते सांगत होती. आमच्याबरोबर आलेल्या एका शहरी मुलानं तिला विचारलं, "आजी, याची रेसिपी?" ती म्हणाली, जंगल ठेवा, भाजी आपोआप होते. साक्रीकडून परतताना पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि तो मुलगा गाडीत बराच वेळ गप्प होता.

आता शिबिराला येणारी पोरं आमच्यापेक्षा हुशार आहेत, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. आम्हाला 'हवामानबदल' हा शब्द ठाऊक नव्हता. 'यंदा पाऊस लहरी' इतकंच. मागच्या शिबिरात रावेरकडची एक मुलगी गटचर्चेत बोलली. घरची केळी. थंडीत पानं पिवळी पडतात, मेच्या उन्हात घड करपतात, मार्चमध्ये गारपीट झाली की झाड उभंच्या उभं मोडतं. हवामानावर आधारलेला फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमानावर ठरतो, आणि त्यांचं शेत तिथून लांब. "आमच्या बांधावर किती तापलं ते कुणीच लिहीत नाही," ती म्हणाली. म्हणून तिनं दत्तक गावच्या शाळेत पर्जन्यमापक आणि तापमापी लावायला लावली. गावातल्या सातवीच्या मुली रोज नोंद करतात. महिन्याला सहा विहिरींत दोरीला दगड बांधून पाणी मोजतात. त्यांतल्या दोन त्याच भूगर्भाच्या सरांनी दाखवलेल्या, भिंतीच्या वरची आणि खालची. वनराई बंधाराही आता ऑक्टोबरात गावचं मंडळच बांधतं, कारण डिसेंबरपर्यंत नाल्याची धार राहीलच याचा भरवसा नाही. शिबिराच्या पोरांना माती तुडवायला मिळत नाही म्हणून मला वाईट वाटतं. पण ते माझं दुखणं, नाल्याचं नाही.

तक्रार एकच. ही पोरं प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढतात, अक्षांश-रेखांशासकट. काढा बाबांनो. पण फोटो खड्ड्याचा, आणि झाड?

जिभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वही तीच नाही, चौथी आहे. पहिली साक्रीच्या त्या मुलीकडे, म्हणजे आता साक्रीच्या त्या बाईंकडे आहे आणि ती वही त्या कुणाला देत नाहीत. मागच्या डिसेंबरात पुकारायचं काम माझ्याकडे आलं. दगड तोच. ऊन उतरलेलं, खालच्या शेतात पऱ्हाट्या रचायला सुरुवात झालेली. मी नंबर घेत होते, उतारावरून पोरांचे आवाज येत होते. १७ म्हणजे चिंच, जुलैतली पहिली खेप. तिचा पत्रा केव्हाच खोडात रुतून गेलाय, नुसती कड दिसते. मी पुकारलं, "१७?" खाली उभी असलेली एफवायची मुलगी फोनमध्ये गुंतलेली. पुन्हा पुकारलं. तेव्हा वरून, पानांतून, तोंडात काहीतरी भरलेला आवाज आला, "हजर!" गावातलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं फांदीवर पाय सोडून बसलं होतं आणि कच्च्या चिंचा खात होतं.

गैरहजेरीच्या रकान्याशेजारी शेऱ्याचा रकाना असतो, तो सहसा रिकामा जातो. मी त्यात लिहिलं, 'पोराचं वजन पेलते.'