बर्फात गेलेलं सँपल

रिपोर्टवर 'प्रतिसाद नाही' असं छापून आलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे आधीच कबूल करते. एक केस मिटली, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

म्हापशातल्या एका लहान लॅबमध्ये मी रक्त काढते, आणि इथे न होणाऱ्या टेस्टचे नमुने मुंबईला पाठवते. या बाई डिचोलीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मानेवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला इसब. धुळीतला माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा किडा. त्याच्याविरुद्धचा आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी, ०.१० च्या खाली, म्हणजे नसल्यात जमा. त्वचेवर अर्क टोचून करायची प्रिक टेस्टही कोरी. 'अ‍ॅलर्जी नाही, टेन्शनमुळे होतंय,' असं त्यांना दोन ठिकाणी सांगून झालं होतं. मी दंडाला पट्टा बांधत असताना त्या सहज बोलून गेल्या, "चवथीला पाहुणे येतात म्हणून माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या काढते. त्या दिवशी काही नाही हो. तिसऱ्या दिवशी मान पेटते."

तिसऱ्या दिवशी! आयजीईचा कारभार मिनिटांचा असतो. प्रिक टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत वाचून मोकळं होता येतं. दोन-तीन दिवस घेतात त्या टी-पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले, त्यातला हा चौथा. त्यात अँटिबॉडीचा हातच नाही, मग रक्तात अँटिबॉडी शोधून काय मिळणार?

म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी लिम्फोसाइट टेस्ट लिहिली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत ठेवून माइटच्या अर्कासोबत पाच-सहा दिवस वाढवायच्या आणि त्या किती पटीने विभागतात ते मोजायचं. शेजारी तुलनेसाठी दोन कंट्रोल: एकात काहीच घालायचं नाही, दुसऱ्यात पीएचए. पीएचए हा पेशींना विभागायला लावणारा पदार्थ, म्हणजे चाबूकच. धडधाकट टी-पेशी त्याला उठल्याच पाहिजेत.

रिपोर्ट पाकिटात घालताना लक्षात आलं की कंट्रोलचे आकडे छापलेलेच नाहीत. मुंबईला फोन लावला. पलीकडच्या मुलाने कागद चाळले आणि जरा थांबून म्हणाला, "मॅडम, पीएचए पण सपाट आहे."

म्हणजे पेशी माइटला ओळखत नव्हत्या असं नाही. त्या कामातूनच गेल्या होत्या. "बॉक्समध्ये आइस पॅक होते, तशी नोंद आहे," तो म्हणाला. तो बॉक्स मी भरला होता. बारा वर्षांची सवय: सँपल बाहेर जायचं म्हणजे बर्फ. हेपारिनची ही हिरव्या झाकणाची ट्यूब मात्र खोलीच्या तापमानाला, शक्यतो चोवीस तासांत पोचवायची असते. सूचनापत्रावर तसं लिहिलेलंही होतं. मी ते फाइलला लावलं होतं, वाचलं नव्हतं.

बाईंना फोन करून चूक माझी आहे हे सांगितलं. भर पावसात बस पकडून त्या पुन्हा आल्या, छत्री दाराशी उलटी ठेवली आणि हसल्या, "माझं रक्त फ्रीजमध्ये ठेवलंत होय!" पैसे घेतले नाहीत, पण त्या बसच्या खेपेचं काय करणार?

या वेळी पीएचए उसळला आणि माइटचा अर्क घातलेल्या पेशीही काहीच न घातलेल्यांच्या कितीतरी पट वाढल्या. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. निरोगी माणसाच्या पेशीही माइटला थोडाफार प्रतिसाद देतात, त्यामुळे हा आकडा एकटा साक्षीला चालत नाही. त्यांनी पाठीवर माइटची पॅच टेस्ट लावली, म्हणजे अर्काची पट्टी चिकटवून ठेवली. ४८ तासांनी लाली होती, ७२ तासांनी बारीक पुरळ. गोधड्यांची हकीकत, पाठ आणि ट्यूब, तिघांचं जुळलं.

गादी-उशीला माइट-रोधक अभ्रे आणि पांघरुणं ६० अंशांच्या पाण्यात धुवायची, असं ठरलं. माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ शोषतो. आमच्या जून-सप्टेंबरच्या हवेत त्याची चैनच. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, की माळ्यावरच्या गाद्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढायच्या.

"हे शेवटचं कागदावर लिहून घेऊ का त्यांच्याकडून?" बाईंनी मला विचारलं. "सही-शिक्क्यासकट. नवऱ्याला दाखवायचंय."