परतीचं पाकीट पुन्हा चिकटलं

लेखकांना पत्र लिहिताना उत्तरासाठी स्वतःचा पत्ता घातलेलं जे पाकीट आत ठेवायचं, ते परतीचं पाकीट. मागच्या नोंदीत 'परतीच्या पाकिटाचा प्रश्न मिटला' असं ठणकावून लिहिलं होतं. ते मागे. जुलैत दादरहून गेलेल्या पत्राला एका लेखिकेचं उत्तर आलं, पण त्यांच्याच पाकिटातून. ता. क. मध्ये सौम्य तक्रार होती: सोबतचं पाकीट आधीच बंद होऊन आलं.

पाकीट वाटेत चिकटतं का, याची चाचणी फेब्रुवारीत झाली होती, हवा कोरडी, पास होणारच. फ्लॅपवरचा सुका डिंक ओल शोषून मऊ होतो, त्यात थैलीतल्या टपालाचा दाब. मुंबईच्या पावसाळ्यात वेगळी थुंकी लावायची गरजच नाही.

म्हणून चाचणी नव्याने. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर ओलं मीठ ठेवलं. पाणी इतकंच की मीठ भिजेल, विरघळून जाणार नाही. असं मीठ बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. नुसतं पाणी ठेवलं तर हवा शंभर टक्क्यांकडे जाते आणि सगळीच पाकिटं नापास होतात, त्यातून काही कळत नाही. पाकिटांवर अर्ध्या किलोचं वजन, ४८ तास.

फ्लॅप उघडा ठेवून परतीचं पाकीट पत्रासोबत घातलं, तर डिंक पत्राच्याच दुसऱ्या पानाला धरतो. सोडवताना सहीसकट कागदाची साल निघते. बेकरीत मिळतो तो साधा बटर पेपर मध्ये घातला, तर तोही जागोजागी चिकटतो, कारण त्यावर चिकटू न देणारा सिलिकॉनचा थर नसतो. टाल्कम पावडरने फ्लॅप चिकटत नाही हे खरं, पण मग तो कधीच चिकटत नाही. जिंकला तो फुकटचा माल: स्टिकर काढल्यावर उरणारा मागचा गुळगुळीत कागद. दोन सेंटिमीटर रुंद पट्टी, गुळगुळीत बाजू डिंकाकडे. ४८ तासांनी फ्लॅप कोरा करकरीत उघडला. हा 'टक्' आवाज ऐकायला दोन दिवस थांबणं वसूल.

आनंद काट्यावर संपला. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद ४.७ ग्रॅम, दोन कागद ९.४. बाहेरचं दहा बाय साडेचार इंची पाकीट ५.७, आतलं नऊ बाय चार इंची ४.६. बेरीज १९.७. पट्टी ०.३, म्हणजे नेमके २०, आणि तिकिटं अजून मोजलेली नाहीत. शिवाय कागद ओल पितो: घरी कोरड्या दिवशी मोजलेलं पत्र पावसात अर्धा-पाऊण ग्रॅम सहज चढतं. २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये, पुढे आणखी पाच. कमी तिकीट लावलं की पत्र नॉटपेड, आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट लेखकाकडून वसूल. चाहत्याने लेखकाला दंड भरायला लावावा, याहून वाईट ओळख नाही. दहाचं तिकीट लावा किंवा एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहा. पण पातळ कागदावर जेल पेन पलीकडे उमटतं, बॉलपेनच बरं.

पाकिटांबद्दल: मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर शेकड्याने स्वस्त पडतात, पण घेताना फ्लॅपवर बोट फिरवून बघा. डिंकाचा थर टोकापर्यंत नसेल तर उत्तर येताना कोपरे उघडे राहतात. सोलून चिकटवायची पाकिटं ओलीला दाद देत नाहीत. माल चांगला, किंमत टोचते.

हे लिहिता लिहिता वाटतंय, डिंक हवाच कशाला? ५० पैशांचं पोस्टकार्ड, स्वतःचा पत्ता घातलेलं, पत्रात सरकवावं. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेरीज १७.६ आणि ओलीसाठी मोकळी जागा. भारतात कार्ड १८७९ पासून आहे आणि जोडकार्डाची कल्पना नेमकी हीच: एक अर्धं विचारायला, दुसरं उत्तराला. लेखकालाही चार ओळींवर सुटता येतं. तोटा एवढाच की मजकूर उघडा. नाजूक प्रश्न असेल तर पट्टीवालं पाकीटच. कार्डावर प्रश्न प्रिंटरने छापू नका, छापील मजकुराच्या कार्डाचा दर सहा रुपये आहे. हाताने, एकच प्रश्न, पान क्रमांकासोबत आवृत्तीही लिहा. आवृत्ती बदलली की पानं सरकतात.

प्रकाशकाद्वारे पाठवायच्या पत्रांना मात्र कार्डानेही सुटका नाही. तिथे पत्राचं पाकीट दुसऱ्या पाकिटात: आतलं बंद, तिकीट लावलेलं, वर फक्त लेखकाचं नाव. म्हणजे कार्यालयाला पत्ता लिहून पेटीत टाकण्यापलीकडे काम उरत नाही. हे दुहेरी प्रकरण २० ग्रॅमच्या वर जातंच, बाहेर दहाचं तिकीट धरूनच चाला. स्पीड पोस्ट नको. सहीसाठी वयस्कर माणसाला दारापर्यंत उठवण्यात काही शोभा नाही.

तर ऑगस्टचा बेत बदलला: सहा पत्रं, तिघांना कार्ड, तिघांना पट्टी. सध्या मिठाच्या डब्यात कार्डं आहेत, वाकतात का ते बघायला.